जेनबँक : खानदेशातून वापरलेल्या एका सार्वजनिक संग्रहाचे परीक्षण

सजीवांचे जनुकीय अनुक्रम, म्हणजे त्यांच्या डीएनए-आरएनएतील अक्षरांचा क्रम, कोणालाही विनामूल्य पाहता यावेत, उतरवून घेता यावेत आणि स्वतः शोधलेले अनुक्रम त्यांत जमा करता यावेत, यासाठी चालवला जाणारा जेनबँक हा संग्रह मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना आणि केळीवरील विषाणूरोगांचे काम करताना नियमितपणे वापरतो. ही सेवा उत्तम आहे, आणि ज्या महाविद्यालयाकडे मोठी प्रयोगशाळा नाही व महागड्या नियतकालिकांची वर्गणी भरण्याची ऐपत नाही, त्याला तर तिचे मोल फार मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिच्यात एक उणीव अशी आहे, जिचा फटका आपल्यासारख्या प्रदेशांना अधिक बसतो. अनुक्रम मिळतो, पण तो कोणत्या गावचा, कोणत्या पिकावरचा आणि कोणत्या हंगामातला, हे कित्येक जुन्या नोंदींत लिहिलेलेच नसते. या उणिवेचा दोष संग्रह चालवणाऱ्यांकडे थोडा आणि अनुक्रम जमा करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे बराच जातो. त्यामुळे या परीक्षणाचा मोठा भाग मी त्याच मुद्द्यासाठी ठेवला आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. अमेरिकेतील लॉस ॲलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर गोड यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये जेनबँक सुरू झाली. त्यापूर्वी मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये ६५ प्रथिनांच्या अनुक्रमांचा छापील संग्रह काढून या कामाचा पाया घातला होता. डिसेंबर १९८२ च्या जेनबँकेत ६०६ अनुक्रम आणि ६,८०,३३८ बेस, म्हणजे अनुक्रमाची अक्षरे, होती, आणि नियतकालिकांत छापून आलेली अक्षरे माणसे बसून टंकित करीत असत. आज एकट्या केळीच्या, म्हणजे मुसा अक्युमिनाटाच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचा, आकारच सुमारे ५२ कोटी बेस एवढा आहे. १९९२ पासून हा संग्रह अमेरिकेच्या एनसीबीआय या केंद्राकडे असून युरोपातील ईएनए आणि जपानमधील डीडीबीजे या संग्रहांशी त्याची दररोज देवाणघेवाण होते, त्यामुळे तिघांपैकी कोठेही अनुक्रम जमा केला तरी तो तिन्हीकडे दिसतो. अनुक्रम जमा करून त्याचा ॲक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहातील नोंदक्रमांक, दिल्याशिवाय शोधनिबंध छापायचा नाही, असा आग्रह नियतकालिकांनी धरला नसता, तर हा संग्रह इतका वाढला नसता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता प्रत्यक्ष वापराकडे येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ सतत भरलेले राहिले की रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील केळीच्या कोवळ्या बागांत पानांवर पिवळसर पट्टे दिसू लागतात, पोंगा सडतो, आणि शेतकरी ‘हरण्या आला’ म्हणत रोपे उपटून टाकू लागतात. हा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. त्याचा प्रसार मावा करतो, आणि काकडीवर्गीय वेली, मिरची, टोमॅटो व बांधावरची कित्येक तणे त्याला आसरा देतात. अशा वेळी बागाईतदार एकच प्रश्न विचारतात : “सर, हा रोग रोपांतून आला का वावरातून?” टिश्यूकल्चरची रोपे विकत घेतलेल्या माणसासाठी हा प्रश्न पैशांचा आणि पुढच्या वर्षी रोपे कोठून आणायची याचा असतो. मातृवृक्ष विषाणूग्रस्त असेल आणि त्याची तपासणी झालेली नसेल, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांतूनही हा विषाणू येऊ शकतो. टिश्यूकल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था केंद्र सरकारने २००६ मध्ये उभी केली, ती याचसाठी.

प्रश्नाचे उत्तर शोधण्याची पद्धत अशी आहे. रोगट पानातून विषाणूचा आरएनए काढायचा, त्याच्या कवचप्रथिनाच्या जनुकाची पीसीआरने वाढ करायची, ते बाहेरच्या प्रयोगशाळेकडून वाचून घ्यायचे आणि आलेली अक्षरे एनसीबीआयच्या संकेतस्थळावरील ब्लास्ट या साधनात टाकून संग्रहातील सर्व अनुक्रमांशी त्यांची तुलना करायची. १९९० मध्ये तयार झालेले हे साधन आजही या सेवेचा सर्वांत उपयुक्त भाग आहे. चौकटीत अक्षरे डकवावी लागतात आणि एक कळ दाबावी लागते. निकाल बहुधा मिनिटभरात येतो, गर्दीच्या वेळी मात्र बराच वेळ ताटकळत बसावे लागते. २०२४ पासून शोध मुळातच आटोपशीर केलेल्या संग्रहात होतो, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा लवकर संपतो. सीएमव्हीच्या दोन मुख्य गटांच्या अनुक्रमांत ७५ टक्क्यांच्या आसपास साम्य असते, म्हणून आपला विषाणू कोणत्या गटाचा, हे पहिल्या नजरेतच कळते. भारतातील केळीवरचे विषाणू बहुधा पहिल्या गटाच्या ‘बी’ उपगटात मोडतात, आणि आपल्याकडचे तसे निघाले तर आश्चर्य वाटत नाही.

येथवर सारे सुरळीत होते. खरी अडचण पुढे येते. ब्लास्टने दाखवलेल्या नोंदींपैकी एखादी उघडली की वर तिचे नाव, ॲक्सेशन नंबर आणि आवृत्तीचा क्रमांक दिसतो, त्याखाली सजीवाचे वर्गीकरण, जमा करणाऱ्यांची नावे व संस्था, मग ‘फीचर्स’ हा भाग, आणि सर्वांत शेवटी अनुक्रम. अनुक्रमाची मांडणी मला फार आवडते : एका ओळीत ६० अक्षरे, दहा-दहाचे सहा गट, डावीकडे क्रमांक, त्यामुळे विद्यार्थी बोट ठेवून मोजू शकतात. कवचप्रथिनाचे जनुक ६५७ अक्षरांचे म्हणजे २१९ त्रिकांचे. शेवटचे त्रिक थांबण्याची खूण, म्हणून प्रथिन २१८ अमिनो आम्लांचे, हे ते कागदावर पडताळून पाहू शकतात. सीएमव्ही हा आरएनए विषाणू असूनही नोंदीत ‘यू’च्या जागी ‘टी’ का दिसतो, असे चौकस मुले विचारतात. संग्रहात सर्व अनुक्रम डीएनएच्याच अक्षरांत ठेवण्याचा संकेत आहे, हे त्याचे उत्तर.

मात्र बागाईतदाराच्या प्रश्नासाठी महत्त्वाचा असतो तो मधला ‘फीचर्स’ भाग. तेथे यजमान पीक, नमुना घेतल्याचे ठिकाण आणि तारीख यांच्या जागा आहेत. ठिकाणाच्या जागी जुन्या नोंदींत कित्येकदा नुसते ‘इंडिया’ असते, आणि काही ठिकाणी तेवढेही नसते. यजमानाची जागा कोरी असली, तर तो विषाणू केळीवरचा की भोपळ्यावरचा, हे कळण्यास मार्ग उरत नाही. आपल्या बागेतील विषाणू ९९ टक्के जुळला, पण कोणाशी जुळला? तमिळनाडूतील केळीशी जुळला तर रोपांच्या प्रवासाचा संशय घेण्यास जागा आहे; शेजारच्या तालुक्यातील काकडीशी जुळला तर मावा आणि बांधावरच्या वेलींकडे पाहावे लागेल. साम्य हा काही पुरावा नव्हे, त्याला शेतातील निरीक्षणाची जोड हवीच. पण गाव आणि पीक ठाऊक नसेल तर त्या ९९ टक्क्यांचा शेतकऱ्याला काडीचाही उपयोग होत नाही.

नमुन्यासोबतची चिठ्ठी किती मोलाची असते, हे खानदेशाइतके कोणाला ठाऊक असावे? रानपिंगळा या लहान घुबडाची गोष्ट आपल्याच मातीतली आहे. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळालेला नव्हता. परंतु रिचर्ड मेनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात गुजरातेतील मांडवी येथे १९१४ मध्ये मिळवल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना होता. ती चिठ्ठी खोटी होती. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात जमवलेला जुना नमुना संग्रहालयातून चोरून, त्याला नवे ठिकाण आणि नवी तारीख चिकटवण्यात आली होती. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लबाडी ओळखून ते ठिकाण बाजूला सारले, खऱ्या जुन्या नोंदींच्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे २०१८ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून तो ठिपकेदार पिंगळ्याच्याच, म्हणजे अथीनी या प्रजातीतला असल्याचे दिसले. पक्ष्याचे शरीर खरे होते, खोटे होते ते फक्त ठिकाण, आणि एवढ्यानेच शोधणाऱ्यांची दिशा चुकत राहिली. जनुकीय नोंदीत खोटेपणा क्वचितच असतो, तेथे आळस अधिक असतो. परिणाम मात्र तितकाच वाईट होतो.

मग इतरांना ही चूक दुरुस्त का करता येत नाही? जेनबँक हा अभिलेखांचा संग्रह आहे. सातबाऱ्यावरील नोंद जशी शेजाऱ्याला बदलता येत नाही, खातेदारालाच फेरफारासाठी जावे लागते, तशी येथे ज्याने अनुक्रम जमा केला त्यालाच त्यात बदल करण्याचा अधिकार आहे. या नियमामागे तथ्य आहे. अन्यथा कोणीही कोणाच्याही नोंदीत हात घातला असता. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी पीएचडी संपवून दुसऱ्या क्षेत्रात गेलेला माणूस आपली जुनी नोंद सुधारायला परत येत नाही, आणि चुकीचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. बुरशींच्या बाबतीत ही अडचण गंभीर आहे. २००६ मधील एका अभ्यासाने सार्वजनिक संग्रहांतील बुरशींच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतच्या अनुक्रमांवर जातीचे नाव चुकीचे असू शकते, असे दाखवले होते. केळीवरील करप्याचे काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण करपा पाडणाऱ्या तीन वेगवेगळ्या बुरशी पानावरील ठिपक्यांवरून सहज ओळखता येत नाहीत, आणि ब्लास्टच्या यादीतील पहिले नाव उचलून प्रबंधात लिहिण्याचा मोह फार असतो. संग्रहाचे कर्मचारी शंकास्पद नोंदींवर ‘अनव्हेरिफाइड’ असा शेरा मारतात, आणि रेफसेक या नावाने निवडक, तपासलेल्या नोंदींचा वेगळा विभाग ठेवतात. त्या दोन्हींकडे लक्ष देण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी लावावी.

अलीकडे नव्या नोंदींना नमुन्याचा देश आणि तारीख देणे बंधनकारक झाले आहे, ही स्वागतार्ह सुधारणा होय. माझ्या मते ती पुरेशी नाही. भारतासारख्या देशात देशाचे नाव लिहून काहीच साधत नाही. कोकणातील केळी आणि तापीकाठची केळी यांच्या हवामानात, जातींत आणि किडींत महदंतर आहे. निदान जिल्ह्याची सक्ती हवी होती.

ठिकाण नीट लिहिले तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच भागात आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत एच५एन१ बर्ड फ्लूची देशातील पहिली साथ आली, आणि पाठोपाठ मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत तोच रोग आढळला. फ्लूच्या विषाणूंचे नाव ठेवण्याची पद्धतच अशी आहे की त्यात यजमान, ठिकाण, क्रमांक आणि वर्ष हे सर्व यावे लागते. त्यामुळे जगातील कोणत्याही देशात बसून एच५एन१ चा वंशवृक्ष काढणाऱ्याला नवापूरचे नाव टाळता येत नाही. त्या वर्षी भारतीय शास्त्रज्ञांनी या विषाणूंचे साम्य इटली आणि इराणमधील हंसांत सापडलेल्या विषाणूंशी असल्याचे दाखवले. ते शक्य झाले, कारण तिकडचे अनुक्रम तुलनेसाठी उपलब्ध होते. त्याच २००६ मध्ये इटलीच्या पशुवैद्यक इलारिया कापुआ यांनी स्वतःच्या प्रयोगशाळेतील एच५एन१ चा अनुक्रम निवडक प्रयोगशाळांसाठी राखीव असलेल्या, पासवर्डने बंद संग्रहात टाकण्याऐवजी जेनबँकेत सर्वांसाठी खुला केला, आणि इतरांनीही तसेच करावे असे जाहीर आवाहन केले होते. नवापूर परिसरातील ज्या कुक्कुटपालकांच्या लाखो कोंबड्या त्या वेळी मारून टाकाव्या लागल्या, त्यांचे नुकसान कोणत्याही संग्रहाने भरून निघणार नव्हते. परंतु विषाणू कोणत्या वंशाचा, हे समजायला जी माहिती लागली ती खुली होती, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

अनुक्रम जमा करण्याचा अनुभव चांगला आहे. बँकइट नावाचा अर्ज एक-एक पान पुढे सरकत भरायचा असतो आणि शुल्क काहीही नाही. अनुक्रम किमान २०० अक्षरांचा असावा लागतो, त्यात प्रयोगशाळेतील वाहक डीएनएचे तुकडे राहिले आहेत का हे तपासले जाते, आणि प्रथिनाचे जनुक असेल तर त्याचे भाषांतर मध्येच तुटत नाही ना, हेही पाहिले जाते. काही खटकले तर माणसाने लिहिलेला, मुद्देसूद ईमेल येतो; सर्व ठीक असेल तर साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत ॲक्सेशन नंबर मिळतो. तपासणीतील बहुतेक अडचणी वाचनाच्या दोन टोकांच्या अस्पष्ट अक्षरांमुळे उद्भवतात, म्हणून वाचन करून देणाऱ्या प्रयोगशाळेकडून नुसती अक्षरांची फाइल न घेता रंगीत शिखरांचा आलेखही मागून घ्यावा आणि टोके स्वतः कापावीत. सर्व सूचना इंग्रजीत आहेत आणि त्यांची भाषा अवघड आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पहिल्या वेळी कोणीतरी शेजारी बसून दाखवावेच लागते.

खुलेपणाला मर्यादा असावी का, या प्रश्नावर माझे मत पिकांच्या आणि माणसांच्या बाबतीत वेगळे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका ‘ए’चा ‘टी’ झाल्याने हा आजार होतो, आणि ते जनुक जेनबँकेत कोणीही पाहू शकतो. त्यात काही वावगे नाही. पण एखाद्या पाड्यावरील माणसांचे संपूर्ण जीनोम गावाच्या नावासकट उघड्यावर ठेवणे मला मान्य नाही, कारण तेथे गाव लिहिले की कुटुंब ओळखता येते. अशी माहिती परवानगीनेच पाहता येईल अशा वेगळ्या संग्रहांत ठेवली जाते, तेच योग्य आहे. भारताने फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर उभारून २०२२ मध्ये ते राष्ट्राला अर्पण केले; तेथे ठेवलेल्या १०,००० भारतीयांच्या जीनोमची माहिती २०२५ मध्ये संशोधकांना याच धर्तीवर, अर्ज आणि अटींसह उपलब्ध झाली.

जळगावच्या भरीताच्या वांग्याचा प्रश्न निराळा. त्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते नावाचे संरक्षण आहे, अनुक्रमाचे नव्हे. उद्या या वांग्याचा जीनोम खुल्या संग्रहात गेला आणि परदेशातील एखाद्या कंपनीने त्यावरून काही उत्पादन काढले, तर बामणोद-भालोदच्या शेतकऱ्याला काय मिळणार? जैवविविधतेच्या कराराखाली २०२४ मध्ये कोलंबियातील काली येथे अशा डिजिटल अनुक्रमांच्या वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा जमा करण्यासाठी निधी स्थापण्याचे ठरले, मात्र त्यात कंपन्यांनी भर घालणे ऐच्छिक आहे. एवढ्या भीतीने अनुक्रम दडवून ठेवावेत, असे मला वाटत नाही. ज्या वाणाची नोंद गावाच्या नावानिशी जगासमोर आहे, त्याच्यावर हक्क सांगणे सोपे जाते. नोंदच नसेल तर भांडायचे कशाच्या आधारावर?

म्हणून खानदेशातून अनुक्रम जमा करणाऱ्यांनी ठिकाणाच्या जागी ‘इंडिया : महाराष्ट्र, जळगाव, यावल’ असे तालुक्यापर्यंत लिहावे आणि पिकांच्या रोगांसाठी त्यापुढे गावाचे नाव द्यावे. अक्षांश-रेखांश मोबाइलवर मिळतात, तेही भरावेत. यजमानाच्या जागी नुसते ‘बनाना’ न लिहिता शास्त्रीय नाव आणि ग्रँड नैन, बसराई, श्रीमंती यांपैकी जी जात असेल ती लिहावी. रोपे टिश्यूकल्चरची होती की कंदांची, हे टिपेच्या रकान्यात सांगावे. नमुना घेतल्याचा दिवस वहीत लिहिला जातो, तो नोंदीपर्यंत पोहोचेल याची काळजी घ्यावी.

अर्जात अनुक्रम केव्हा खुला करायचा असे विचारले जाते, आणि निबंध छापून येईपर्यंत तो राखून ठेवण्याची मुभा असते. कित्येक प्राध्यापक दुसऱ्याने आधी छापू नये म्हणून पुढची तारीख टाकतात. पदोन्नतीचे गणित पाहता त्यांची भीती मला समजते, पण ऑगस्टमध्ये घेतलेल्या नमुन्यावरचा निबंध छापून यायला वर्ष-दीड वर्ष जाते, आणि तोवर पुढच्या लागवडीची रोपे बागेत पोहोचलेली असतात. जमा केलेल्या नोंदीवर आपले नाव आणि तारीख असतेच. तेव्हा पिकाच्या रोगाचा अनुक्रम असेल तर ‘तत्काळ खुला करा’ हाच पर्याय निवडावा.